योगेशच्या नावाची मूठ

श्रावण लागला की माझी बोटं गार पडतात. धुळ्यातला श्रावण कसा असतो ते धुळेकरांना सांगायला नको. दोन सरी येतात, जमीन वाफ सोडते, सदरा पाठीला चिकटतो आणि पंखा तीच गरम हवा इकडून तिकडे ढकलत राहतो. त्या उकाड्यात माझ्या उजव्या हाताची दोन बोटं बधिर होतात. डॉक्टर म्हणतात, एकदा गारठलेल्या नसा अशाच वागायच्या. बायको म्हणते, "नसांना बरा श्रावणच सापडतो!" तिच्याशी वाद घालत नाही, कारण ती खरं बोलते. साक्रीच्या पुढे आमच्या गावात अक्का गहू निवडायला बसलेली असते, म्हणून माझी बोटं गार पडतात.

अक्का म्हणजे माझी काकू. योगेश तिचा एकुलता एक मुलगा, माझा चुलतभाऊ, माझ्याहून बराच लहान. आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. चौरंग, केळीचे खांब, नारळाची कानबाई, रात्रभर गाणी, दुसऱ्या दिवशी नदीवर बोळवण, हे सगळं बाहेरच्यांना दिसतं. रोट, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या गव्हाच्या जाड पोळ्या, दिसत नाहीत. रोटांचा गहू आमच्या घरी किलोनं घेत नाहीत, माणसानं घेतात. घरातल्या आणि भाऊबंदांतल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं मूठभर गहू परातीत टाकायचा. पाळण्यातलं पोर असलं तरी त्याची मूठ पडते. त्या गव्हाचे रोट घरच्यांनीच संपवायचे. परक्याला द्यायचे नाहीत, उरवायचे नाहीत, टाकायचे तर मुळीच नाहीत. हात धुतलेलं पाणीसुद्धा अंगणातल्या खड्ड्यात जातं. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही त्यातला घास मिळत नाही. आणि मेलेल्या माणसाची मूठ नसते. हे कुणी शिकवत नाही. त्या वर्षी नाव घेतलं जात नाही, बस.

योगेशचं नाव अक्का घेत आली. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात एका ज्वालामुखीवर तो चढला आणि उतरला नाही, याला आता काही वर्षं झाली, तरी घेत आली.

मी कॉलेजात भूगोल शिकवतो. आपल्या पायाखालचा हा काळा दगड एके काळी तापून वाहत होता, हे मी दर वर्षी नव्या पोरांना सांगतो आणि पोरं दर वर्षी जांभया देतात. जांभई न देणारा एकच भेटला, तोही वर्गात नव्हे. आमच्या मळ्यातली विहीर खोल करत होते. सुरुंग उडाला की खाली काळ्या दगडाच्या कपच्यांचा ढीग पडायचा. शाळेत जाणारा योगेश त्या ढिगावर बसला होता. मी त्याला नुकतंच वाचलेलं सगळं सांगितलं, की हा लाव्हा, तो असा पसरला, थर असे बसले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्यानं तोंड कथं शे?"

मी म्हटलं, इथं तोंड नाही. इथं जमीनच भेगाळली आणि भेगांमधून तो वर आला. त्याचं काही समाधान झालं नाही. म्हणाला, "माले तोंडवाला डोंगर दखना शे." आम्ही सगळे हसलो. नाना, म्हणजे माझे काका, विहिरीच्या काठावरून ओरडले, "आधी तुनं तोंड धुई ये!"

पुढे तो खेळाचा शिक्षक झाला, सुट्टी मिळाली की साल्हेर-मुल्हेरकडे पळायला लागला, मग हिमालयात गेला. मलाही ओढून नेलं. मी हौशी, तो वेडा. पण हिमालयाचा डोंगर त्याच्या हिशेबी नव्हताच, त्याला तोंड नव्हतं. नकाशात बोट ठेवून तो चिली आणि अर्जेंटिनाच्या सीमेवरचे ते उंच ज्वालामुखी दाखवायचा. तिथं जायला किती खटपट केली आणि घरच्यांना कसं पटवलं, ते आता उगाळत नाही. त्याची बायको सारिका तेवढं म्हणाली होती, "एकदाचं ते तोंड बघून या, म्हणजे घरातली तोंडं दिसतील."

जानेवारीत निघालो. आपल्याकडे तेव्हा गहू ओंबीवर येतो, हरभऱ्याला घाटे धरतात, सकाळी वावरात हुळा भाजतात आणि माणसं कानाला मफलर गुंडाळून शेकोटीपाशी एकमेकांची टवाळी करतात. तिकडे त्याच महिन्यात उन्हाळा. हे अक्काला समजावून सांगितलं तेव्हा तिनं दोनच गोष्टी नीट ऐकल्या. एक, तिथं उन्हाळा आहे. दुसरी, तिथं वाळवंट आहे. खानदेशातल्या बाईला याच्यापुढे काय ऐकायचं असतं? तिनं घरातले दोन निब्बर कांदे आणले, एक त्याच्या खिशात घातला, एक माझ्या.

"वाळवंट शे ना तठे? मंग लू लागी जाई. खिसामा कांदा र्‍हाऊ द्या."

आपल्याकडे वैशाखात बाहेर पडणारा माणूस लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतो. बापजाद्यांनी तेच केलं. आम्ही दोघंही शिकलेले, तरी आम्ही ते कांदे काढून ठेवले नाहीत. चिलीच्या विमानतळावर कुत्र्यानं बरोबर हुंगून काढले. त्या देशात बाहेरचं पीक-फळ आत नेऊ देत नाहीत. अधिकारी हसला आणि कांदे डब्यात टाकले. योगेशच्या लाल जाकिटाच्या खिशात टरफलं राहिली होती. ती त्यानं मुद्दाम झटकली नाहीत. म्हणाला, "अक्कानी लू आठेच रोकी दिधी, अण्णा." आणि मोठ्यानं हसला.

त्या हसण्यावर मी रागावलो नाही. आज कधी कधी रागावतो.

शेवटचं शहर सोडलं की गाडी वर वर जात राहते आणि झाड म्हणून दिसत नाही. सगळीकडे गेरू, राख, गंधक, मीठ. मिठाच्या तळ्यांतून गुलाबी फ्लेमिंगो एका पायावर उभे. त्यांच्यामागे ते डोंगर, एकटे एकटे बसलेले, उघड्या तोंडाचे. योगेश गाडीतून उतरला, खाली बसला आणि एक दगड उचलून मला दाखवला. काळा, सच्छिद्र.

"हाऊ ते आपला विहिरना दगड शे!"

खरंच तसा होता. आणि तिथंच आमचं काहीतरी फसलं. आम्हाला ते घरचं वाटलं. उघडं रान, फुटलेले ओठ, नाकातून येणारं कोरडं रक्त, लांबवर थरथरणारी हवा, हे सगळं आम्ही जन्मापासून पाहिलेलं. बर्फाच्या डोंगरात गेलं की आम्ही पाहुण्यासारखे जपून वागायचो. इथं भाऊबंदांच्या वावरात शिरल्यासारखे शिरलो. उन्हात कातडी सोलून निघायची आणि दोन पावलं सावलीत गेलं की दात वाजायचे, तरी मन म्हणायचं की ऊन आहे ना, मग काय भ्यायचं. सकाळी बाटलीतलं पाणी दगड झालेलं असायचं, तरी दुपारी आम्ही त्याला उन्हाळाच म्हणायचो.

आमचा ड्रायव्हर तिथलाच, अबोल. त्यानं खुणांनी आणि मोडक्या इंग्रजीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. पांढरा वारा. आभाळ निळं असतं, पाऊस नसतो, ढगही नसतो. वारा जमिनीवरचा बर्फ आणि राख उचलतो आणि सगळं पांढरं करतो. मग माणसानं जिथं आहे तिथं बसायचं. योगेशनं मान हलवली. आपल्याकडच्या वावटळी आठवून हलवली असेल. मीसुद्धा तशीच हलवली.

कितीतरी दिवस हळूहळू उंची अंगात मुरवत आम्ही ट्रेस क्रूसेस नावाच्या ज्वालामुखीवर चढलो. चढलो म्हणजे काय, राखेत रुतलो. वर टाकलेलं पाऊल अर्धं खाली घसरतं. चार पावलं टाकली की काठीवर वाकून श्वास गोळा करायचा. डोकं ठणकतं, अन्नाचा वास सोसत नाही, आणि माणूस आपल्याशीच भांडायला लागतो. लोक मला विचारतात, वर जाऊन काय मिळालं? वर मी गेलोच नाही. त्यांना आणखी एक हवं असतं, माझी चूक. ती सापडत नाही म्हणून ते हिरमुसतात. मीही शोधली आहे. सापडली असती तर बरं झालं असतं, निदान अक्कासमोर काहीतरी ठेवता आलं असतं.

शिखराच्या दिवशी सकाळी माझी बोटं गेली. काठी धरवेना. एका खडकाच्या आडोशाला मी बसलो आणि परत फिरू म्हटलं. हवा इतकी निवळ होती की वरच्या कडेचा दगड न् दगड दिसत होता. दुरून डोंगर साजरे म्हणतात. तिथं ते दुरून जवळ दिसतात, ही त्याहून वाईट गोष्ट आहे. योगेशनं माझी बोटं आपल्या काखेत धरून शेकली, हातमोजे चढवले, मग वर पाहिलं.

"तू बठ, अण्णा. हाऊ आठेच ते शे. तोंड दखस आनि येस."

त्याचं लाल जाकीट मी राखेच्या उतारावर बराच वेळ पाहत होतो. एकदा तो थांबला, वळला, हात वर केला. मग वाऱ्याचा आवाज आला. आधी आवाज येतो. मी तोंड गुडघ्यात घालून बसलो. सगळं पांढरं झालं आणि किती वेळ पांढरं होतं ते मला माहीत नाही. वारा पडला तेव्हा आभाळ पूर्वीसारखं निळं होतं, उतार पूर्वीसारखा होता, दगड न् दगड दिसत होता. लाल काही नव्हतं.

मी हाका मारल्या. त्या उंचीवर हाक लांब जात नाही, आपल्याच तोंडाशी पडते. नंतर माणसं आली, दोर आले, एक हेलिकॉप्टर फिरून गेलं. कुणाला काही मिळालं नाही. एक हातमोजासुद्धा नाही.

घरी आलो तेव्हा गव्हाची कापणी चालू होती. अक्का खळ्यावर होती. सगळे रडत माझ्याकडे धावले, ती जागची हलली नाही. मी जवळ गेलो तेव्हा तिनं माझे दोन्ही हात पाहिले, पट्ट्या बांधलेली बोटं पाहिली आणि विचारलं, "तू त्याले पडतांना दखं का?"

"नही, अक्का."

"निजेल दखं?"

"नही."

"मंग तू कसा सांगस, तो नही शे म्हनीसन?"

 मी दगडांचं वय कोट्यवधी वर्षांत सांगतो. या बाईला एवढंसं सांगता आलं नाही. आणि त्या दिवसापासून एक अख्खं घर माझ्या न पाहण्यावर टांगून राहिलं.

देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. गावातल्या जाणत्यांनी नानांना ते सुचवलं. नाना फारसं बोलत नसत. वैशाखात ते स्वतः रानात गेले आणि पळसाच्या पानांचा भारा डोक्यावर घेऊन आले. ओट्यावर ठेवला आणि आत जाऊन बसले. अक्कानं तो सोडला, पानं पुसली, काड्या घेतल्या आणि बसून त्यांच्या पत्रावळी लावल्या. शेजारी लग्न होतं, तिथं नेऊन दिल्या. नानांनी पुन्हा विषय काढला नाही.

मग श्रावण आला. अक्का परातीपुढे बसली. नानांचं नाव घेतलं, मूठ टाकली. माझं घेतलं, मूठ टाकली. बाकीच्या भाऊबंदांची घेतली. आणि न थांबता, त्याच आवाजात, योगेशचं घेतलं. गहू परातीत पडल्याचा आवाज झाला. कुणी एकमेकांकडे पाहिलं नाही. सारिका दारात उभी होती. तिच्या कपाळावरची टिकली तेव्हापासून बारीक झाली होती, पण होती.

जेवायला बसलो तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की गहू टाकणं सोपं असतं. योगेशच्या नावाचे रोट पानात आले आणि ते कुणी खायचे? ते टाकता येत नाहीत, उरवता येत नाहीत, बाहेर देता येत नाहीत. गंगाफळाची भाजी निवत चालली आणि सगळे माना खाली घालून बसले. नानांनी आपला वाटा संपवला. मग हात लांब करून योगेशचं पान आपल्यापुढे ओढलं, रोट दुधात कुस्करले आणि खायला लागले. त्यांचे दात पडलेले. फार वेळ लागला. कुणीच उठलं नाही. शेवटचा घास घेऊन ते म्हणाले, "पोऱ्यानी कधी रोट टाकेल नही." एवढंच.

दर श्रावणात हेच. अक्का मूठ टाकायची, नाना खायचे. एकदा बसस्टँडवर सोडायला आलेली सारिका म्हणाली, "भाऊजी, दर वर्षी वाटतं, यंदा अक्कांनी नाव घेऊ नये. आणि घेतलं की बरं वाटतं. असं दोन्ही कसं वाटतं हो माणसाला?" मी म्हटलं, वाटतं. बस आली म्हणून आणखी काही बोलावं लागलं नाही.

मागच्या श्रावणात अक्कानं मला अंगणात गाठलं. खड्ड्यात हात धुऊन पदराला पुसत होती.

"तठे माणूस सडस का रे?"

मी खरं ते सांगितलं. तिथं इतकं कोरडं आहे, इतकं गार आहे, की काहीच सडत नाही. शेकडो वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी डोंगरावर देवाला वाहिलेली पोरं अजून जशीच्या तशी सापडतात, केसांसकट.

"मंग तो तसाच शे," ती म्हणाली.

हो, म्हटलं. लाल जाकीट, खिशात कांद्याची टरफलं. आम्ही इकडे केस पांढरे करून घेतो आहोत, गुडघे झिजवतो आहोत, आणि तो तिथं तेवढाच आहे. मला ते सांगायला नको होतं असं अजिबात वाटत नाही. पण त्या रात्रीपासून मला तो मेला असं वाटेनासं झालं आहे आणि जगतो आहे असंही वाटत नाही. हे फार वाईट आहे. देह जळाला, राख नदीत गेली, की माणूस हळूहळू पुसट होतो आणि मागच्यांना जगायला जागा करून देतो. योगेश पुसट होत नाही. वर्गात अँडीज शिकवायचा दिवस येतो तेव्हा मी नकाशा लावतो आणि त्या सीमेवर पट्टी ठेवायचं टाळतो.

यंदा चैत्रात नाना गेले. ओट्यावर बसल्या बसल्या गेले, कुणाला त्रास दिला नाही. अक्कानं त्यांना आंघोळ घातली, तोंडात शेवटचं पाणी घातलं, स्वतःचं कपाळ पुसलं. ती धाय मोकलून रडली, आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं. त्या घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी नीट रडलं.

वर्षाच्या आत सण करायचा की नाही यावर भाऊबंदांत कुजबुज झाली. अक्का म्हणाली, कानबाई चुकवायची नाही. मी आदल्या दिवशीच गावी गेलो. पाऊस उघडलेला होता, बाजरी सुकत चालली होती, बांधावरून माळमाथ्याचे काळे डोंगर दिसत होते. योगेश त्यांना बिनतोंडाचे म्हणायचा.

परात मांडली. सारिका गव्हाचं पोतं सोडून शेजारी बसली. आम्ही पुरुष भिंतीशी. अक्कानं पहिलं नाव घ्यायला तोंड उघडलं. इतकी वर्षं पहिलं नाव नानांचं असायचं. तिनं ते घेतलं नाही. थेट माझं घेतलं. मग बाकीच्यांची.  सगळ्यांची नावं झाली आणि तिनं पोत्यात हात घालून पुन्हा मूठ भरली.

मूठ परातीवर आली आणि थांबली. सारिकाचा हात पोत्याच्या कडेवर तसाच राहिला. मूठ घट्ट होती, तरी बोटांच्या फटीतून दोन-चार दाणे निसटले आणि परातीत वाजले.

"आते याना रोट कोन खाई?" अक्का म्हणाली.

ती कुणाला विचारत नव्हती. तरी मी बोललो. माझा त्या रोटांवर हक्क होता, मी भाऊबंद होतो, त्याला शेवटचं पाहणारा होतो. नाना खायचे तोवर तो घरात होता, मी खाल्लं असतं तर पुढेही राहिला असता. एवढं सोपं होतं ते.

"मी खासू, अक्का."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मांडीवर ठेवलेल्या त्या दोन बोटांकडे. कितीतरी वेळ पाहत राहिली. तिचा हात परातीवरून मागे गेला, पोत्यावर आला आणि उघडला. गहू गव्हात पडला.

"तू तुना खा," ती म्हणाली.

सारिका उठून आत गेली. आतून रडण्याचा आवाज आला तसे आम्ही सगळे उठलो. अक्का मात्र तिथंच बसून परातीत सांडलेले ते चार दाणे वेगळे शोधत राहिली. ते सगळ्यांच्या गव्हात मिसळले होते. सापडले नाहीत.

दुपारी पान वाढलं. मी माझे रोट खाल्ले.